उजेड आणि ऊन

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो. बी.ए.ला मराठी घेतलं होतं. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. त्यामुळे झाडांसाठी प्रकाश कसा मोजतात या विषयावर मी रेडिओवर बोलणार म्हटल्यावर माझ्या भाचीने आधी पोटभर हसून घेतलं. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो एका कुंडीमुळे माझ्या गळ्यात पडला.

कुंडी सब्जाची. सब्जा तुम्हाला फालुद्यातून माहीत असेल, दुधात फुगलेलं ते काळं बी. झाड तुळशीच्या कुळातलं, वासही तसाच पण जरा गोडसर. आमच्याकडे ते कबरीवर लावतात. वडील गेले तेव्हा अम्मीने गावच्या कबरस्तानात त्यांच्या उशाशी सब्जा लावला होता. पुढे गावचं घर बंद झालं, अम्मी शहरात माझ्याकडे राहायला आली. येताना तिने त्या झाडाच्या वाळलेल्या मंजिऱ्या रुमालात बांधून आणल्या. आता गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही. कबरीवर जाऊन फातेहा पढणं वर्षावर्षाने लांबतं. म्हणून ते बी तिने कुंडीत पेरलं आणि कुंडी तिच्या पलंगावरून दिसेल अशी ठेवली.

बी रुजलं. चार पानं आली, मग सहा. आणि मग झाड भलतंच वागायला लागलं. देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन लांबच लांब वाढला, दोन पानांमध्ये बोट बोट अंतर पडलं, पानं पिवळट. सगळं झाड खिडकीकडे मान वळवून उभं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या उत्तरेला, आणि समोर वीस फुटांवर दुसरी इमारत. मी कुंडी उचलली आणि टेबलावर ट्यूबलाइटखाली ठेवली. दिवसभर नि रात्रीही ट्यूब चालू ठेवायची, म्हणजे चौदा तास उजेड. अम्मी म्हणाली, "अरे, याला उजेड नको, ऊन पाहिजे."

मी म्हणालो, "अम्मी, ऊन म्हणजे उजेडच की."

हे वाक्य मी पुढे बरंच महागात विकत घेतलं.

आता शहरी माणसाला शंका आली की तो काय करतो? मोबाइल काढतो. प्रकाश मोजणारं एक ॲप फुकट मिळालं. टेबलावर त्याने ४०० लक्स दाखवले. चौकशी केली तर कळलं की कचेरीत लिहा-वाचायला ३०० ते ५०० लक्स पुरतात. म्हणजे आमच्या सब्जाला वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता. तरी झाड खंगतच होतं. मग मी बाजारात जाऊन झाडांसाठी म्हणून विकतात तो जांभळा दिवा आणला. घरी लावला, मोबाइल धरला, तर ३२० लक्स! साध्या ट्यूबपेक्षाही कमी. मी तसाच दुकानात गेलो आणि दुकानदाराला चार माणसांत नको ते बोललो. तो बिचारा म्हणत राहिला, "साहेब, झाडाला विचारा." मला ते उद्धट वाटलं.

पुढच्या रविवारी भाची आली. ती कृषी पदवीधर आहे, तळेगावकडे एका पॉलिहाउसमध्ये जरबेऱ्याची फुलं पिकवते. तिच्या पिशवीत एक यंत्र होतं. वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी पांढरी गुंडी, दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारी डबी. तिने गुंडी ट्यूबखाली धरली, आकडा आला ६. जांभळ्या दिव्याखाली धरली, आकडा आला ३८. म्हणजे मोबाइल ज्याला कमी म्हणत होता तो झाडाच्या हिशेबात सहापट होता. भाची म्हणाली, "मामू, तुमचा मोबाइल तुमच्यासाठी मोजतोय. सब्जासाठी नाही."

हे काय गौडबंगाल आहे ते मी नीट समजून घेतलं. तेच आता सांगतो.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. डोळ्याला सगळे रंग सारखे प्रखर दिसत नाहीत. हिरवा, पिवळसर हिरवा आपल्याला फार उजळ दिसतो. गडद लाल आणि गडद निळा तेवढाच असला तरी मंद वाटतो. १९२४ साली प्रकाशमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या या पक्षपाताचा अधिकृत आलेख ठरवून टाकला. त्याचं शिखर आहे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर, म्हणजे हिरव्यात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, रंग ओळखायची ती पट्टी समजा. निळा साधारण ४५०, हिरवा ५५०, गडद लाल ६६०. लक्स आणि बल्बच्या खोक्यावर छापलेलं लुमेन, दोन्ही याच आलेखावरून काढतात. खोक्यावरचा वॅट तर निव्वळ वीजबिलाचा आकडा, त्याचा झाडाशी थेट संबंध नाही.

पानाचा तराजू निराळा. प्रकाश कणाकणांनी येतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात, आपण प्रकाशकण म्हणू. पान हे कण मोजून घेतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून साखरेच्या कामी लावायला साधारण आठ ते दहा प्रकाशकण खर्च होतात. निळ्या कणात लाल कणापेक्षा ऊर्जा जास्त असते खरी, पण ती जादा ऊर्जा पानात उष्णता होऊन जाते. कामाला कण एकच धरला जातो. म्हणून झाडासाठी प्रकाश मोजायचा तर त्याचं वजन नाही, त्याची मोजदाद करायची.

पण कण इतके असतात की हजार-लाखांत मोजणं अशक्य. म्हणून रसायनवाल्यांचं मोल हे माप घेतात. आपण डझन म्हणतो तसा हा डझनच, फक्त त्यात ६ वर तेवीस शून्यं इतके नग. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले, तो आकडा भाचीची डबी दाखवत होती. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात तो २००० च्या आसपास जातो. आमच्या ट्यूबखाली ६.

डोळ्याचा आणि पानाचा तराजू किती वेगळा आहे ते एका हिशेबावरून कळेल. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा एक मायक्रोमोल पडला तर लक्सच्या मापात तो १४७ भरतो. तितकेच कण ६६० च्या लाल प्रकाशाचे पडले तर भरतात जेमतेम साडेसात. ४५० च्या निळ्याचे, सात. दाणे तेवढेच, पण लक्सचा तराजू हिरव्या दाण्याला शेर म्हणतो आणि लाल-निळ्याला छटाक! माझ्या जांभळ्या दिव्यात लाल आणि निळाच प्रकाश होता. मोबाइलने त्याला छटाकात तोललं, आणि मी दुकानदाराला चोर ठरवलं.

पानाला कोणता रंग चालतो हे शोधायची पहिली युक्ती मला फार आवडली. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान याने १८८२ साली सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचा एक तंतू ठेवला आणि लोलकातून काढलेलं चिमुकलं इंद्रधनुष्य त्या तंतूवर पाडलं. मग त्यात प्राणवायूच्या मागे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंनी गर्दी केली ती लाल पट्ट्यापाशी आणि निळ्या-जांभळ्यापाशी. हिरव्यात तुरळक. म्हणजे शेवाळ कुठे जास्त प्राणवायू सोडतंय ते त्या जिवाणूंनीच दाखवून दिलं. शाळेच्या पुस्तकात यावरून एक वाक्य येतं की पानाला हिरवा प्रकाश नको असतो, म्हणून ते हिरवं दिसतं.

हे वाक्य अर्धंच खरं आहे. पुढे टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे रंग पानाला कमीअधिक उपयोगी पडतात. लाल सर्वांत जास्त, निळा त्याच्या खालोखाल, आणि हिरव्यात खळगा आहे, पण फार खोल नाही. पान थोडा हिरवा परत फेकतं, तेवढाच आपल्याला दिसतो. बाकीचा बराचसा ते आत घेतंच. मॅक्रींच्या त्या कामापासून ४०० ते ७०० हा पट्टा झाडाचा प्रकाश म्हणून धरला जातो. अलीकडे असंही दिसलंय की ७०० च्या पलीकडचा, ७५० पर्यंतचा प्रकाशही इतर रंगांच्या सोबतीने पानाच्या कामी येतो. तिथे आपला डोळा जवळजवळ आंधळाच असतो.

डोळ्याची आणखी एक खोड आहे. तो जुळवून घेतो. बाहेर एक लाख लक्स आणि घरात तीनशे, म्हणजे तीनशेपटींहून जास्त फरक. पण उन्हातून घरात आल्यावर दोन मिनिटं अंधारी येते आणि मग आपण म्हणतो, काय छान उजेड आहे! बिल्डर लोक जाहिरातीत 'भरपूर उजेड' लिहितात तेव्हा खोटं बोलत नाहीत. खिडकीपासून हातभर आत आलं की बाहेरच्या प्रकाशाचा किती थोडा हिस्सा उरतो, ते डोळा आपल्याला कळूच देत नाही. प्रकाशाबाबत आपला डोळा हा फितूर साक्षीदार आहे. आम्हा कवींनी तर सगळी भिस्त त्याच्यावरच ठेवली. माझ्या चार संग्रहांत 'प्रकाश' हा शब्द मी मोजला नाही, मोजायची हिंमत नाही.

पण झाडाला किती प्रकाश मिळाला, हे एका क्षणाच्या आकड्यावरून ठरत नाही. इथे भाचीने पावसाचा दाखला दिला. पाऊस किती जोराचा आहे ही एक गोष्ट. दिवसभरात किती मिलिमीटर पडला ही दुसरी, आणि पेपरात छापून येते ती दुसरी. धो धो दहा मिनिटं पडून थांबला तर शेत भिजत नाही, रिमझिम दिवसभर पडला तर भिजतं. तसंच प्रकाशाचं. सेकंदाचा आकडा घ्यायचा, दिवसाच्या सेकंदांनी गुणायचा आणि दहा लाखांनी भागायचं, की दिवसाची मोलमधली बेरीज निघते. सब्जा-तुळशीच्या जातीला जोमाने वाढायला दिवसाला १२ मोलच्या वर लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी उघड्यावर ४० ते ५० मोल सहज पडतात.

मग आमच्या टेबलावर किती? सहा मायक्रोमोल, चौदा तास, म्हणजे ५०,४०० सेकंद. गुणाकार करून ०.३ मोल. झाडाला एका दिवसाला जेवढं लागतं तेवढं साठायला तिथे चाळीस दिवस लागले असते.

आणि खरं तर चाळीस दिवसांनीही साठलं नसतं. झाड श्वासही घेतं, त्यात साखर खर्च होते. प्रकाश एका मर्यादेखाली गेला की कमाईपेक्षा खर्च जास्त. उन्हात वाढणाऱ्या झाडांच्या पानांची ही मर्यादा साधारण १० ते ३० मायक्रोमोलच्या आसपास असते. आमचा सब्जा सहामध्ये बसला होता. म्हणजे तो उपाशीच होता, आणि बियातली नि पानांतली शिल्लक मोडून उंच होत होता. लांब देठ ही वाढ नव्हती. वर कुठे तरी ऊन असेल म्हणून टाचा उंचावून बघणं होतं. मी मात्र चार लोकांना सांगत होतो की सब्जा किती भराभर वाढतोय.

शेतात हा हिशेब रोजचा आहे. पॉलिहाउसचं प्लास्टिक प्रकाशाचा बराच वाटा खातं, धूळ बसली की आणखी. त्यावर सावलीची जाळी ओढली की निम्मा गेला. आषाढात ढग दाटले की फुलांचे देठ आखूड होतात. भाची म्हणते, खत वाढवून काही होत नाही, आधी छप्पर धुऊन घ्या. उन्हाळ्यात उलटं, तिथे प्रकाश आवरावा लागतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवली पाहिजे, कारण तीत लोक गोंधळतात. रात्री सांगली-सोलापूर भागातून जाताना ड्रॅगन फ्रूटच्या बागांत ओळीने दिवे पेटलेले दिसतात, शेवंतीच्या शेतातही लावतात. ते दिवे झाडाला जेवण देत नाहीत, ते घड्याळ फिरवतात. १९२० साली गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलायचं की नाही ते ठरवतात. शेवंती लांब रात्रीची वाट बघते, म्हणून मध्यरात्री दिवा लावला तर ती फुलायचं पुढे ढकलते. ड्रॅगन फ्रूटचं याच्या उलट, त्याला मोठा दिवस वाटला तर ते अवेळी कळ्या धरतं. यासाठी अगदी थोडा प्रकाश पुरतो, काही मायक्रोमोलसुद्धा. तेवढ्यावर झाड जगत मात्र नाही. जगायला त्याला दिवसाचं ऊन लागतंच.

भाचीच्या यंत्राची ती गुंडी पाण्यातही चालते. मी विचारलं, पाण्यात कशाला? ती म्हणाली, "प्रवाळवाले वापरतात की." तेव्हा मला मालवण आठवलं.

काही वर्षांपूर्वी तिथे कविसंमेलनाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला तोंडाला नळी लावून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरवलं. खाली प्रवाळ होते. मी त्यांना दगड समजलो. वर आल्यावर होडीवाल्याने समजावलं की ते जिवंत आहेत. तोपर्यंत मीही पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच जाणत होतो.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात एकपेशीय शैवालं राहतात. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी यजमानाला देतं. उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंतची गरज यातून भागते. म्हणजे प्रवाळाला ऊन पाहिजे ते सब्जाइतकंच, एवढंच की मध्ये समुद्र आहे. आणि समुद्राचं पाणी रंग निवडून गिळतं. लाल आधी जातो. स्वच्छ पाण्यातही दहा मीटरवर तो जवळजवळ संपतो. निळा सर्वांत खोल पोचतो. प्रवाळातल्या शैवालाकडे निळा आणि निळसर हिरवा प्रकाश पकडणारं खास रंगद्रव्य असतं, त्याचा संसार त्यावर चालतो. म्हणून परदेशात काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणारे लोक गडद निळे दिवे लावतात. त्या टाकीवर लक्सचं यंत्र धरलं तर माझ्या जांभळ्या दिव्यासारखीच फसगत. तिथे मायक्रोमोलच मोजावे लागतात. मऊ प्रवाळांना ५० ते १५०, कठीण सांगाड्याच्या बऱ्याच जातींना २०० ते ४०० असा त्यांचा ठोकताळा असतो. आपल्याकडे हा नाद करायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर आधी सांगतो, सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून तुकडा काढणं किंवा विकणं हा गुन्हा आहे.

समुद्रातला प्रकाश मोजायचं एक जुनं साधन फार साधं आहे. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली आणि ती कितीव्या मीटरला दिसेनाशी होते ते पाहिलं. आजही त्यांच्या नावाची तबकडी जगभर वापरतात. डोळा फितूर आहे म्हणालो खरा, पण इथे त्याला 'किती' विचारत नाहीत, 'दिसतंय की नाही' एवढंच विचारतात. तेवढं तो नीट सांगतो.

ही तबकडी मालवणच्या किनाऱ्याजवळ सोडली तर थोड्याच मीटरवर नाहीशी होते. खाड्यांचा गाळ, पावसाळ्यातली लाल माती, वाळू, सगळं पाण्यात. म्हणून तिथले प्रवाळ उथळ पाण्यालाच धरून आहेत. त्याउलट विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास आहे, आणि तिथे प्रवाळ आहेत. किनाऱ्याजवळ वीस मीटरवर अंधार असतो, तिथे ऊन पोचतं. कारण नद्यांचा गाळ तिथवर जात नाही. उद्या किनाऱ्यावर कुठे भराव घातला किंवा गाळ उपसला तर जिवंत प्रवाळाला कोणी हातही लावलेला नसेल, तरी त्याचं ऊन चोरीला गेलेलं असेल. हे नुकसान डोळ्याला दिसणारं नाही. ते मोजावंच लागतं.

जास्त प्रकाश म्हणजे चांगलं, असंही नाही. पाणी तापलं की शैवालाचं प्रकाश पचवायचं यंत्र बिघडतं. मग तेच ऊन विष होतं. शैवालात घातक प्राणवायू तयार होतो, प्रवाळ शैवालाला अंगाबाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेने जगातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. मूळ कारण उष्णता, पण त्यात प्रखर उन्हाचा हात असतो. तापलेल्या पाण्यातही सावलीतले प्रवाळ कमी पांढरे पडतात, हे प्रयोगात दिसलंय.

सब्जाच्या बाबतीतही भाचीने हाच इशारा दिला. अंधारात वाढलेली पानं पातळ असतात, एकदम उन्हात नेलीत तर करपतील. दोन आठवडे हळूहळू वाढवा.

सोपा उपाय गच्चीचा होता. तिथे फुकटचं ऊन. पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि अम्मी गच्चीवर चढू शकत नाही. झाड तिला दिसलंच नाही तर ते कशाला? म्हणून दिवाच. मी त्या दुकानात परत गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होतो, पण दुकानदाराने बोलूच दिलं नाही, चहा मागवला. जांभळा दिवा त्याने परत घेतला आणि झाडांसाठीचे दोन पांढरे एलईडी दिले. जांभळ्यात एक अडचण होतीच, त्या प्रकाशात हिरवा रंग नसल्यामुळे झाड काळं दिसतं. पान पिवळं पडलं की कीड लागली, काही कळत नाही. शिवाय संध्याकाळी शेजारी विचारायचे, "काय हो, घरात नाटक बसवताय का?"

पांढऱ्या दिव्याचा आणखी एक फायदा. त्यात मोबाइलही चालतो, फक्त भागाकार करावा लागतो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण ७० ने भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. उन्हात ५४ ने. अगदी काटेकोर नाही, मोबाइलमोबाइलात फरक असतो, पण घरच्या कुंडीला पुरतो. दिवा दूर असला की प्रकाश झपाट्याने घटतो, म्हणून मी दोन्ही दिवे दर दोन-तीन दिवसांनी बोट बोट खाली आणत शेवटी शेंड्यापासून दहा इंचांवर ठेवले. मोबाइल म्हणाला साडेपंधरा हजार लक्स. सत्तरने भागून सुमारे २२०. सोळा तास चालू, म्हणजे दिवसाला साडेबारा मोलच्या वर. वीज लागते दिवसाला अर्धा-पाऊण युनिट.

नवीन फुटवे जवळजवळ पानांचे आले, देठ जाड झाला. जुना लांबलेला शेंडा अम्मीने स्वतः खुडला. दिव्याला ती ऊन म्हणते. सकाळी मी बटण दाबायला विसरलो तर पलंगावरून हाक येते, "अरे, ऊन लाव."

गेल्या महिन्यात मंजिऱ्या वाळल्या. तिने बी काढून कागदाच्या पुडीत घातलं, भाचीने पुडीवर तारीख लिहिली. ती पुडी माझ्या पाकिटात आहे. पावसाळ्याच्या आधी मला गावी जायचंय, कबरीच्या उशाशी जुना सब्जा आता राहिलेला नाही असं चुलतभावाने फोनवर सांगितलं.